आबांच्या मागे, एका ओळीत

माझे वडील हाडाचे शेतकरी होते आणि नांगरलेल्या शेतात पाय ठेवायला घाबरायचे.

हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. आबा असते तर म्हणाले असते, "फेसबुकवर टाकायची गोष्ट आहे का ही?"

आहे, आबा. आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांना पाणी द्यायचा दिवस. तुमच्या नावाची पहिली घागर भरली. आज मी लिहिणार.

खान्देशात तापीकाठी आमची चार एकर. एकोणिसाव्या वर्षी आबांनी नांगर धाकट्या भावाच्या हातात दिला आणि फौजेत भरती झाले.

पुढे त्यांना लंकेत पाठवलं. तिकडे एकाच देशातली माणसं एकमेकांशी लढत होती आणि मध्ये आपली फौज. रस्त्यात, पायवाटेत, कुठेही सुरुंग पुरलेले.

सुभेदाराने पहिल्याच आठवड्यात आबांना हेरलं.
"किसान का बेटा है. मिट्टी पहचानता है. तू आगे चल."

आणि खरंच ओळखायचे. कुठली माती बसलेली, कुठली काल उकरून परत दाबलेली, लांबून सांगायचे. ते पुढे, बाकीचे मागे एका ओळीत. आबांचा रूल एकच. "माझ्या पायाच्या ठशावर पाय."

त्यांच्या मागे नेहमी बबन असायचा. शेजारच्या तालुक्यातला, जिगरी दोस्त. दर दहा पावलांना आबा विचारायचे,
"बबन?"
"हां."

एके दिवशी पाऊस पडून गेला होता. ओली माती सगळी एकाच रंगाची दिसते. आबा त्या जागेवरून पुढे गेले. बबनचा पाय चिखलात घसरला आणि ठशाच्या बोटभर बाजूला पडला.

बबन जागीच गेला.

कुणी आबांना दोष दिला नाही. तो त्यांनी स्वतःच घेतला.

फौज सोडून घरी आले तेव्हा शेत नुकतंच नांगरून ठेवलेलं. काळं, भुसभुशीत, उकरलेलं. आबा दुपारपर्यंत बांधावर उभे राहिले. खाली उतरले नाहीत. महिन्याभरात सुरतेला निघून आले.

लोक सुरतेला कामासाठी आले. माझा बाप इथल्या डांबरासाठी आला.

उधन्याच्या मिलमध्ये गेटवर वॉचमन आणि डिंडोलीत दोन खोल्या. मी मोठी. माझ्यामागून भाऊ झाला, त्याचं नाव ठेवलं बबन. पूर्ण शाळेत एवढं जुनाट नाव दुसऱ्या कुणाचं नव्हतं. बिचारा फार चिडायचा.

पण डांबर काय कायमचं असतं? डिंडोलीत तेव्हा सारखी कुठेतरी पाइपलाइन चालू असायची. गल्ली खोदली की आबा आम्हाला शाळेत सोडायला यायचे. पुढे आबा, मग बबन, मग मी.

"आठे पाय नको ठेवू. ही माटी आजच खणेल शे."

आणि दर दहा पावलांना मागे न बघता, "बबन?"
"हां, आबा."

गल्लीतली पोरं ओरडायची, "अरे, मिलिटरी निकली!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मोठी झाल्यावर आईने लंकेची गोष्ट सांगितली. तेव्हापासून त्या ओळीची मला लाज वाटली नाही. उलट आपली वाटली.

आमच्या घरची एक रीत आहे. आखाजीला घागरीतलं तांब्याभर पाणी थोरल्या भावाच्या घरातल्या थोरल्याने शेताच्या मधोमध नेऊन शिंपडायचं. थोरले आबा. पण दरवर्षी गावी गेलो की तांब्या धाकटे काकाच न्यायचे आणि आबा बांधावरून हात जोडायचे. मान खाली. त्या एका क्षणी माझा ताठ बाप मला कुणीतरी चोरून नेल्यासारखा वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी काव्या सोबत होती. तेरा वर्षांची, सुरतेत वाढलेली. मराठी बोलता बोलता गुजरातीत घुसते. तिने सरळ तांब्या उचलून आबांच्या हातात दिला.

"आबा, चालो ने. मी पुढे चालते. तुम्ही माझ्या पायावर पाय ठेवा. तुमचाच रूल आहे."

काका वाटेतून बाजूला सरकले. मी पण.

आबांनी चपला काढल्या. एक पाय उचलला, तिच्या इवल्या ठशावर ठेवला. मग दुसरा. हातातलं पाणी हिंदकळत होतं, पण माणूस थांबला नाही. मधोमध जाऊन पाणी शिंपडलं, चिमूटभर माती उचलली, वास घेतला.

"माटी पेराले तयार शे," म्हणाले. आवाज एकदम फौजी.

त्या दिवशी पुरणपोळ्या मोजून चार खाल्ल्या. डायबेटीस गेला खड्ड्यात.

पुढची आखाजीही ते स्वतः पाणी घेऊन गेले. दिवाळीनंतर झोपेतच गेले.

आज सकाळी गावी घागर भरली. तांब्या कोण नेणार, यावर भावकी कुजबुजत होती. मी लग्न झालेली, दुसऱ्या घरची. बबन मुलगा, पण धाकटा. काकांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि तांब्या माझ्यापुढे धरला.

"थोरली तू शे ना? मंग ले."

घेतला.

मी पुढे. मागे बबन, मग काव्या, मग काका, मग सगळे. रोटाव्हेटर मारलेली मऊ माती. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी सगळे माझ्याच ठशांवर पाय ठेवत होते.

दहा पावलं झाली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं,
"बबन?"

मागे पस्तिशीतला माझा भाऊ. दोन मुलांचा बाप.

मागून उत्तर आलं.

"हां, आबा."

आत्ता उधन्याला उतरून घरी पोचले. पायांना अजून शेताची माती आहे. आज धुणार नाही.

आबा, सगळे नीट घरी पोचलो. तुम्ही आता निर्धास्त झोपा.

तुमची थोरली.