झोपेसाठी रजा

हुबळीच्या एका दवाखान्यात मी कारकून होतो. नर्सबायांच्या पाळ्या लावणं आणि त्यांच्या रजेचे अर्ज डॉक्टरसाहेबांपुढे ठेवणं माझ्याकडे होतं. लढाईच्या दिवसांत तीन नर्सबाया सोडून गेल्या, त्यांच्या जागा रिकाम्याच राहिल्या. टायफॉइडच्या वॉर्डात एकच उरली. कलघटगीची बालविधवा, मला अण्णा म्हणायची. ती कुरकुर करत नसे, म्हणून दर आठवड्याला तिथे मी तिचंच नाव घालत असे. पूर्वी ती रोग्यांना कानडीत समजवायची आणि मराठीत रागवायची. पुढे दोन्ही बंद झालं. नुसते हात चालत.

एका सकाळी तिने अर्ज आणला. आठ दिवसांची रजा. कारण, झोप हवी आहे.

मी हसलो. "अक्का, झोपेसाठी कुठं रजा मिळते होय? आईचं आजारपण लिहा."

"आई ठणठणीत आहे, अण्णा. खोटं कसं लिहू?"

"मग हा कागद चुलीत घालू?"

"साहेबांपुढे ठेवा. नाही म्हणायचं तर ते म्हणतील."

मी ठेवला नाही. तिच्या जागी कोणाला घालायचं, हे मलाच निस्तरावं लागलं असतं. अर्ज टेबलाच्या खणात गेला.

तीन आठवड्यांनी साहेबांना वॉर्डात एक विणकर तापात बरळताना दिसला. त्याच्या तापाच्या तक्त्यावर चार दिवस एकच आकडा होता, नव्व्याण्णव. सगळ्याच रोग्यांच्या तक्त्यांवर तोच. तिने थर्मामीटर लावलाच नव्हता. आईचं खोटं आजारपण लिहायला न धजलेल्या बाईने हे लिहिलं होतं.

साहेब तिला घेऊन माझ्या टेबलाशी आले. ती म्हणाली, "हात उचलत नव्हता, साहेब. रजा मागितली होती मी."

"अर्ज आला होता?" साहेबांनी मला विचारलं.

"नाही, साहेब." खण माझ्या गुडघ्याला लागत होता.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग मागितली नसेन."

ती मला सांभाळून घेते आहे, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, तिला ते खरंच पटलं होतं. इतकी ती थकली होती.

विणकर दोन दिवसांनी गेला. तिला काढून टाकलं. नोकरीच्या पुस्तकात 'अक्षम्य हयगय' हा शेरा माझ्याच वळणदार अक्षरात आहे. कलघटगी काही लांब नव्हती, पण ती जिवंत असेपर्यंत मी गेलो नाही. साहेबांनी विचारलं त्याच संध्याकाळी मी अर्ज फाडला होता, म्हणून तो इथे लिहितो. आठ दिवसांची रजा मिळावी. झोप हवी आहे. अर्ज आला होता. माझ्या हातात आला होता.