दामाजीच्या हाताचं तेल

ठाण्याला तळ्याजवळ त्रिंबक सुताराचा बग्ग्या बांधायचा कारखाना होता. दामाजी कोळी तिथे सत्तावीस वर्षं रोगण लावत होता. त्रिंबकच्या बापाने त्याला ठेवून घेतलं तेव्हा कोळीवाड्यातले लोक हसले होते. होडी सोडून हा लाकडाच्या डब्यांना रंग फासणार! पण दामाजीचा हात असा, की त्याने रंगवलेल्या बग्गीच्या दारात माणसाला आपली मिशी दिसे.

गिऱ्हाइकाला दाखवायला कारखान्यात हातभर लांबीची नमुन्याची बग्गी करत. तिची चाकं फिरत, दारं उघडत, आत मखमलीची बैठक असे. १८८४ च्या थंडीत कल्याणचे एक पेन्शनर मामलेदार बग्गी घेणार होते. त्यांच्यासाठी त्रिंबकने नवा नमुना जोडला आणि दामाजीने त्यावर गडद लाल रोगण चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोगणाला भोकं पडली होती. मसुरीएवढी, गोल. जणू रोगण त्या जागेला शिवायला तयार नव्हतं, कडेकडेने मागे सरकलं होतं.

"मोठ्या बग्गीवर कुणाला दिसलं नसतं," त्रिंबक म्हणाला, "पण या एवढ्याशा दारावर तीन भोकं म्हणजे देवी आल्यासारखं दिसतंय. मामलेदार शुक्रवारी येणार, दामाजी."

दामाजीने सगळं खरवडलं, काचकागदाने घासलं, खाचाखोचांत लांबीचा लगदा भरला, पुन्हा रंगवलं. पुन्हा भोकं. धूळ असेल म्हणून त्याने जमिनीवर पाणी शिंपडलं, बग्गीवर ओलं फडकं ताणलं. पुन्हा तेच. रोगणातल्या अळशीच्या तेलात भेसळ असेल म्हणून नवा डबा फोडला. भोकं उलट वाढली.

त्या वर्षी तो दमलेलाच होता. आषाढात त्याचा थोरला भाऊ नामा गेला. नामाचं घर खाडीपलीकडे कळव्याला. भावजय जनाबाईने होडी दुसऱ्याला चालवायला दिली होती, पण जुन्या होडीच्या फटी बुजवायचं आणि तिला माशाचं तेल चोळायचं काम घरच्यांचंच. आठवड्यातून दोनदा दामाजी उजाडायच्या आत उतारूंच्या तरीने पलीकडे जाई, उकिडवा बसून होडीला तेल लावी, हात धुऊन परत येई आणि कारखान्यात उभा राही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ते झेपत नव्हतं. पण हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

मंगळवारी त्याने चार फळ्या घेतल्या. एकीला जुन्या डब्यातलं अळशीचं तेल, एकीला नव्या, एक उन्हात वाळवलेली, एक सावलीतली. बुधवारी सकाळी चारींना भोकं पडली होती. मग तो त्रिंबकला म्हणाला, "शेट, ही पाचवी तुमी घासा. रोगण पण तुमीच लावा. मी हात नाय लावत."

त्रिंबकचा कुंचला वेडावाकडा फिरला, ओघळ आले. पण गुरुवारी सकाळी त्या फळीवर एकही भोक नव्हतं.

दामाजीने ती फळी उजेडात धरून पाहिली. मग त्याने स्वतःचा तळवा नाकाशी नेला. घासताना तो हात लाकडावर फिरायचा, लांबी दाबायचा, कडा चाचपायचा. माशाचं तेल थंडीने भेगाळलेल्या कातडीत मुरलं होतं. राखेने धुऊन ते निघत नव्हतं, आणि काचकागद ते लाकडात आणखी आत ढकलत होता.

"रोगण चांगलंय," तो म्हणाला. "मीच घाण झालोय."

त्याने झाल्या गोष्टी सांगितल्या. त्रिंबक रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं दामाजीला वाटलं. दामाजीने सोड्याच्या पाण्यात, मग रिठ्याने, मग खडूच्या भुकटीने हात चोळले, कातडी सोलवटली. बग्गीचं लाकूड उघडं करून सोड्याने पुसलं, वाळवलं, आणि बोटांना स्वच्छ धडपं गुंडाळून पातळ थर दिला. शुक्रवारी सकाळी दारं काचेसारखी होती.

मामलेदार आले, नमुना हातात घेऊन उलटासुलटा केला, चाक फिरवून पाहिलं. "काम उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त आमच्या मंडळींना हिरवा रंग हवा आहे."

"हिरवी करू, रावसाहेब," त्रिंबक म्हणाला. दामाजीने नुसती मान हलवली.

रविवारी तो कळव्याला गेला. जनाबाई ओट्यावर जाळ्याचं सूत उकलत होती. तो तिच्यासमोर बसला. "वहिनी, मना आता होडीला तेल लावणं जमनार नाय. कारखान्यातलं काम नासतंय."

ती सूत उकलतच राहिली. "मंग यवढं तोंड कशाला पाडलंय?"

"नामादादाची होडी हाय. मीच नाय केलं तर..."

"भावजी, तुमच्या दादाने तरी कवा येळेवर तेल लावलं?" ती म्हणाली. "मीच मागं लागायची. तुमी येता म्हणून मी गप होते. मना वाटलं, तुमालाच बरं वाटतंय. द्या इकडं ते तेलाचं मडकं."

ती होडीपाशी गेली, लुगडं खोचलं आणि चिंध्यांचा बोळा तेलात बुडवला. पहिलाच हात जाड पडला, तेल खाली चिखलात ठिबकलं. दामाजी सांगायला उठला आणि पुन्हा बसला. सहा महिने तो ज्या कामापायी झिजला, ते कुणी त्याच्याकडे मागितलंच नव्हतं. हसावं की रडावं, हेही त्याला धड ठरवता येईना.

पुढच्या तेल लावायच्या दिवशी तो उठला नाही. ऊन चुलीपर्यंत आलं तरी झोपलेलाच होता. त्याच्या बायकोने, आवडाबाईने, भाकऱ्या थापल्या, पण त्याला हाक मारली नाही.