तुडवलेला गहू

नेमबाजीत मला कधी अडचण आली नाही. श्वास धरायचा, घोडा हळू दाबायचा, बाकीचं रायफल बघून घेते. पहिल्याच महिन्यात माझ्या गोळ्या लक्ष्याच्या मधोमध जाऊ लागल्या आणि ही बातमी मी फोनवरून काटेवाडीला पोचवली. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली. मैदानी सरावात मी रोज मरतोय, हे मात्र मी कळवलं नव्हतं.

मरत होतो हरभऱ्यात. आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या माळावर आसपासच्या शेतकऱ्यांनी पेरून ठेवलेलं असायचं. जमीन लष्कराची, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण रिकामं रान बघवत नाही, त्याला कोण काय करणार. चाचणीत शत्रूच्या ठाण्याकडं कोपरांवर सरपटत, सरळ रेषेत जायचं. मी झकास सरपटत निघायचो. पीक आलं की आपोआप उठायचो आणि बांधावरून वाकून जायचो. कुणाच्या उभ्या पिकात पाय घालायचा नाही, हे मला चालायला येण्याआधीच शिकवलेलं. बांधावरचा जवान शत्रूला चष्मा न लावताही दिसतो. आम्हाला शिकवणारे उस्ताद माझ्या हेल्मेटवर काठी टेकवून म्हणायचे, "तू मर गया." तिसऱ्या खेपेला म्हणाले, "तेरी तो तेरहवीं भी हो गई."

चाचणीत नापास झालं की मागच्या तुकडीत ढकलतात. म्हणजे बरोबरची पोरं कसम परेडला शपथ घेणार आणि मी बाजूला उभा राहून बघणार. इकडं आण्णांनी परेडसाठी वालचंदनगरच्या पाहुण्याची गाडी ठरवलेली, अर्धी आळी इस्त्री करून तयार. सुट्टीनंतर एकच फेरचाचणी मिळणार होती. सुट्टीत घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी आण्णांना सगळं सांगून टाकलं. फार लाज वाटली.

आण्णा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "हितं सराव कर की. उसात शिर."

"उसात पाचटानं अंग सोलवटतं. आन् तितं हत्ती शिरला तरी दिसत न्हाय."

"मग काकाच्या गव्हात जा."

काकांशी आमचं वीतभर बांधावरून वाकडं. दोघे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मी काठीची रायफल करून सरपटत निघालो आणि काकांच्या बांधाशी येऊन थांबलो. पुढं जाववेना.

"वैऱ्याच्या रानातबी जाता येईना व्हय तुला?" आण्णा म्हणाले. "कसला शिपाई हुनार तू."

मग ते आमच्या गव्हाकडं वळले. घरच्या खाण्याचा गहू, ओंब्या भरत आलेल्या. आण्णांनी चपला काढून बांधावर ठेवल्या, पांढऱ्या शर्टानिशी गव्हात पालथे पडले आणि कोपरांवर सरकत निघाले. सरपटणं साफ चुकीचं होतं, बूड वर. उस्तादांनी त्यांना जागच्या जागी मारलं असतं. वाफा ओलांडून ते उठले आणि गुडघे झटकले.

"झालंच हाय आता नुस्कान," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "चल, हो आडवा."

सुट्टी संपेपर्यंत मी रोज सकाळी त्या गव्हातून सरपटलो. गहू चटईसारखा झोपला. डेअरीवर विचारणा झाली तेव्हा आण्णांनी ते रानडुकरांवर ढकललं. वनखात्याकडं अर्ज करा, असा सल्लाही त्यांना मिळाला. ते मान डोलावून घरी आले.

फेरचाचणीत मी हरभऱ्यातून सरळ गेलो. घाटे भरलेले होते, कोपरांखाली फुटत होते. त्या रानाचा शेतकरी बांधावर उभा राहून बघत होता. उस्ताद "शाबास" म्हणाले आणि मला ती शाबासकी घ्यावीशी वाटली नाही.

कसम परेडला गाडी भरून माणसं आली. आईवडिलांना त्या दिवशी एक पदक देतात, ते आण्णांच्या शर्टावर लागलं. फोटो झाले. उस्तादांसाठी आणलेला पेढ्यांचा पुडा पिशवीत तसाच होता. आण्णांनी मला बाजूला घेतलं.

"पास झालास तवा कशातनं गेलास?"

"हरभऱ्यातनं."

"घाटं धरलं हुतं?"

"व्हय."

त्यांनी पिशवी उचलली. "चल, दाव मला."

शेतकरी उरलासुरला हरभरा उपटत होता. आण्णांनी पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात दिला. त्यानं आधी पदकाकडं बघितलं, मग माझ्या वर्दीकडं, आणि आपलं काही चुकलं का, असं घाबरत विचारलं. आण्णांनी मला दंडाला धरून पुढं केलं.

"तुमच्या रानात डुक्कर शिरलं हुतं," ते म्हणाले. "त्ये ह्ये. माझंच हाय."