मांजारे

पन्नासनंतरच्या त्या वर्षांत पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना उभा राहत होता. मी रत्नागिरीकडून येऊन तिथे फिटर म्हणून लागलो. गावातल्या एका शेतकऱ्याकडे खोली, स्टोव्हवर एकट्यापुरता भात. 'जेवलास का?' असं कुणी विचारलं नाही, असे आठवडेच्या आठवडे जात.

यंत्रं बसवायला एक इटालियन आला होता. तोही एकटाच. इंग्रजी त्याला माझ्याइतकंच येई, म्हणजे नटबोल्टपुरतं. दुपारचा भोंगा झाला की हात तोंडाशी नेऊन म्हणे, "मांजारे." म्हणजे जेवणे. आमचे ड्रॉइंग ऑफिसातले साहेब कॉलेजात फ्रेंच शिकलेले. ते म्हणाले, फ्रेंचांचं 'मांजे' आणि रुमानियातलं 'मिंका' ही याचीच भावंडं. आई लॅटिन, आणि तिच्याकडे अर्थ नुसता चावणे. इतक्या देशांत एकच शब्द घेऊन लोक जेवायला बसतात आणि मी इथे भिंतीकडे बघत बसतो, याचा मला चक्क राग आला.

एका दुपारी त्याने डबा उघडला. पाव, तळलेली वांगी, कांदा. माझा त्या दिवशी स्टोव्हच पेटला नव्हता. त्याने एक खोकं शेजारी ओढलं आणि त्यावर थोपटलं. "मांजारे?"

पोटात कावळे कोकलत होते. पण पहिल्या बोलावण्याला पानावर बसेल तो कोकणातला कसला? झालं माझं, अशी मी खूण केली. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा मान हलवली. आमच्याकडे दोनदा नको म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा यजमान हात धरून बसवतो. मी तिसऱ्याची वाट पाहत उभा राहिलो. तो खाऊ लागला.

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याकडे पाठ करून जेवू लागला. मला वाटलं, रागावला. मग साहेबांनी एकदा बाजूला घेतलं.

"तो मोडक्या फ्रेंचमध्ये विचारत होता, माझ्या शेजारी बसून खाल्लं तर त्या माणसाचा धर्म बुडतो का? मी पाठ केली तर चालेल ना?"

मी म्हटलं, तसं काही नाही हो. साहेब म्हणाले, मग जाऊन सांग त्याला.

सांगायला एकच शब्द लागत होता आणि तो मला येत होता. रोज भोंगा झाला की मी उठायचं ठरवी. आपण होऊन अन्न मागायला जीभ उचलेना. तो मायदेशी जाईपर्यंत सव्वा महिना आम्ही दोघे दहा पावलांवर एकेकटे जेवलो.