नाडी आणि अंगचोरी
मल्लखांबाला चोळतात त्या एरंडेलाचा वास आला की मुलुंडची व्यायामशाळा आठवते. तळव्यांना घाम फुटून मल्लखांबावर माझा हात सटकायचा, म्हणून मी ऑपरेशन करून तळव्यांना घाम आणणारी छातीतली नस कापून घेतली. हात कोरडे झाले. व्यायामशाळेत परतलो त्या दिवशी पन्नास सूर्यनमस्कारांनंतर आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी नेहमीप्रमाणे प्रत्येकाची नाडी बघितली. माझं मनगट झटकून म्हणाले, ‘‘चढलीच नाही! अंगचोरी करतोस?’’ ‘‘सर, कापलेली नस ठोकेही वाढवायची, त्या ऑपरेशननंतर ते पूर्वीसारखे वाढत नाहीत.’’ ‘‘बहाणे नकोत. संघात घेणार नाही.’’ मी पुन्हा नमस्कार घालायला लागलो. सत्तराव्याला पाय थरथरले, नव्वदाव्याला आडवा झालो. सरांनी धावत येऊन मनगट धरलं. नाडी फारशी चढली नव्हतीच. तेव्हा कुठे त्यांनी माझ्या दमून पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडे बघितलं. आता त्याच व्यायामशाळेत मी शिकवतो. नाडी नंतर, आधी पोराचं तोंड बघतो.