लाखेचा चटका

परवा पोस्टात लाखेचा वास आला अन् मला वाशीच्या घरातली ती दुपार आठवली. मी शिक्षिका. दहावीचे तपासलेले पेपर कापडात शिवून, लाखेचं सील लावून पाठवायचे होते. पार्सल गेलं की मी खारघरला बहिणीकडे कायमची राहायला जाणार होते, बॅगसुद्धा भरलेली. पन्नाशीत आलो तरी घरात मी आहे की नाही, ह्यांना पत्ताच नसायचा. पंधरा दिवस आमचं बोलणं बंद होतं. पण लाख एकटीला लावता येते होय? मी कापड घट्ट धरलं, हे मेणबत्तीवर लाख वितळवू लागले. थेंब पडला तो नेमका ह्यांच्याच बोटावर. "अहो, भाजलं ना!" मी ओरडलेच. नळाखाली बोट धरून हे हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी कापड कोण धरणार गं?" "मीच की! तुम्ही लाख नीट धरा म्हणजे झालं." त्या बॅगेत आता आम्हा दोघांचे स्वेटर असतात.