शालूची मशीन

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. आज तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

नागपुरात, इतवारीजवळ, माझं टाइल्सचं दुकान होतं. ते बुडालं. देणी फेडणं हाताबाहेर गेलं तेव्हा मी कोर्टात नादारीचा अर्ज केला. घरातलं काय जाईल, काय राहील, ते वकिलांनी समजावलं — स्वयंपाकाची भांडी राहतील, नेसूचे कपडे, अंथरूण-पांघरूण, बायकोचं मंगळसूत्र. आणि म्हणाले, "वहिनींची शिलाई मशीन बिनधास्त राहू द्या. पोटाचं साधन आहे, त्याला कोणी हात लावत नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

घरी आलो तर शालू ब्लाऊज शिवत होती. दुकान बंद झाल्यापासून घर त्या मशीनवरच चाललं होतं. मोहल्ल्यातल्या बाया कापड घेऊन यायच्या, दार मी उघडायचो, आणि त्या माझ्याकडे न बघता विचारायच्या — "शालूताई आहे का?" एवढंच. यात कसला आला अपमान? पण मला तो वाटायचा. दिवसभर ती खडखड ऐकत मी रिकामा बसायचो, आणि मला ती मशीन — कसं सांगू — डोळ्यांसमोर नको होती.

तिनं विचारलं, "काहून जी, मशीन बी नेते का कोर्टवाले?"

आणि मी — हो म्हणालो.

ती रडली असती तर कदाचित मी... नाही. तरीही खरं बोललो नसतो. ती एवढंच म्हणाली, "मंग मले हा एक ब्लाऊज पुरा करू द्या." पुरा केला. मशीनला तेल दिलं, पुसली. "ज्याच्या घरी मशीन जाईन त्याले सांगजा, पायडल उलटं मारू नका म्हणा. धागा तुटते."

मी ती सावनेरला नेऊन एका टेलरला विकली. तिचा निरोप त्याला दिला नाही.

त्यानंतर शालू एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली. सात वर्षं झाली. तिचं उजवं मनगट आता नीट वळत नाही. संध्याकाळी मी तेल चोळून देतो, तर म्हणते, "किती करता जी तुम्ही माह्यासाठी."

गेल्या महिन्यात शेजारची ममता आली. तिच्या नवऱ्यावरही तीच वेळ आलेली. तीही शिवणकाम करते. शालूनं तिचा हात धरला. "काही लपवू नको वं. आमच्या यांनी एक वस्तू लपवली नाही. माही मशीन बी देल्ली."

ममताचं तोंड उतरलं. मला राहवलं नाही. म्हणालो, "तुही मशीन नाही जात, ममता. वकिलाले विचारून घे." शालूनं चमकून माझ्याकडे पाहिलं. तेवढाच एक क्षण होता — आणि मी काय म्हणालो?

"कायदा बदलला आता."

शालूचा चेहरा उजळला. "बरं झालं बाई," ती ममताला म्हणाली, "तुही तं वाचली."

कायदा बदललेला नाही. तेव्हाही तोच होता.